ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह : रेकॉर्डवर काय उतरले आणि काय उतरले नाही

मित्रहो,

हिप-हॉप, म्हणजे तबकड्यांवरचा ठेका आणि त्यावर लयीत बोललेले शब्द यांतून घडलेले संगीत, त्याच्या पहिल्या पिढीविषयी बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या जळालेल्या इमारतींपासून सुरुवात करतो आणि बोलण्याच्या ओघात संगीत मागे राहून जाते. आज मला तसे होऊ द्यायचे नाही. आज आपण एकाच ग्रुपच्या रेकॉर्ड्स ऐकणार आहोत आणि त्या रेकॉर्ड्सवर नेमके काय ऐकू येते, याविषयीच बोलणार आहोत. ग्रुपचे नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची नोंदवही 2002 मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या 50 नोंदींमध्ये यांच्या 'द मेसेज'ला स्थान मिळाले. 2007 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने हिप-हॉपमधला पहिला ग्रुप म्हणून यांनाच सन्मानित केले. मानसन्मानांची यादी आणखी वाढवता येईल, पण मला सांगायचे आहे ते निराळेच आहे.

ज्याचे नाव या ग्रुपच्या नावात सर्वांत आधी येते, तो डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश या ग्रुपच्या बहुतेक गाजलेल्या रेकॉर्ड्सवर वाजवतच नाही. ज्या हातांच्या कामासाठी हा ग्रुप जमला, ते काम, एक रेकॉर्ड वगळली तर, स्टुडिओच्या दाराबाहेरच राहिले. हे कसे घडले, ते समजून घेतल्याशिवाय या रेकॉर्ड्स नीट ऐकता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

आधी ते हातांचे काम काय होते ते पाहू. फ्लॅशचे मूळ नाव जोसेफ सॅडलर. जन्म 1 जानेवारी 1958 चा, बार्बाडोस बेटावरच्या ब्रिजटाउन इथला. कुटुंब पुढे न्यूयॉर्कला आले आणि मुलगा ब्राँक्समध्ये वाढला. सॅम्युअल गॉम्पर्स या व्यवसायशिक्षण देणाऱ्या शाळेत तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला, आणि ही गोष्ट त्याच्या संगीताच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. त्याच्या आधी त्याच भागात कूल हर्क हा जमैकाहून आलेला डीजे नावारूपाला आलेला होता. 11 ऑगस्ट 1973 रोजी 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत बहीण सिंडीने ठेवलेल्या पार्टीत हर्कने रेकॉर्ड्स लावल्या, त्या तारखेला आज हिप-हॉपचा जन्मदिवस मानले जाते. हर्कच्या लक्षात आले होते की गाण्यातला ज्याला ब्रेक म्हणतात तो भाग, म्हणजे बाकीची वाद्ये थांबून फक्त ड्रम आणि ताल उरतो ती काही सेकंदे, नाचणाऱ्यांना सर्वांत प्रिय असतात. म्हणून तो पूर्ण गाणे वाजवण्याऐवजी एकामागून एक ब्रेकच वाजवत असे. पण सुई उचलून दुसऱ्या जागी टेकवताना ठेका तुटायचा. नाचणाऱ्यांचा पाय एका क्षणी अधांतरी राहायचा.

फ्लॅशला हे खटकले. ठेका न तोडता ब्रेक हवा तितका लांबवायचा कसा, हा प्रश्न त्याने एखाद्या तंत्रज्ञाने घ्यावा तसा हाती घेतला. त्याने एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, लावल्या. पहिल्या प्रतीवरचा ब्रेक वाजत असताना दुसरी प्रत हाताने उलट फिरवून ब्रेकच्या आरंभाशी आणून ठेवायची, पहिला ब्रेक संपता क्षणी दुसरी प्रत सोडायची आणि लगेच पहिली मागे फिरवायला घ्यायची. हे ऐकायला सोपे वाटते. पण त्या काळच्या टर्नटेबलवर रबराची चटई असे, तिच्यावर तबकडी हाताने धरली की खालचे चाकही रेंगाळे. फ्लॅशने रबर काढून टाकले आणि नमद्याचा गोल तुकडा खळ देऊन कडक करून त्या जागी घातला, म्हणजे तबकडी हातात अडवून धरली तरी खाली चाक आपल्या गतीने फिरत राहील. दुसऱ्या टर्नटेबलवर काय चालले आहे ते श्रोत्यांना न कळता स्वतःपुरते हेडफोनवर ऐकता यावे, यासाठी त्याने मिक्सरला, म्हणजे दोन्ही टर्नटेबलांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, स्वतःच जोडणी करून बटण बसवले. आणि तबकडीवर ब्रेक कुठे सुरू होतो ते चटकन सापडावे म्हणून त्याने तिच्यावर रंगीत खडूने खुणा केल्या.

या खुणांचे गणित जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला 1.8 सेकंद लागतात. म्हणजे 9 सेकंदांचा ब्रेक हा बरोबर 5 फेऱ्यांचा झाला. तबकडीवरची खूण घड्याळाच्या काट्यासारखी धरली, की ती किती वेळा उलटी फिरवली म्हणजे ब्रेकचा पहिला ठोका पुन्हा सुईखाली येईल, हे हेडफोनशिवायही मोजता येते. पार्टीच्या गोंगाटात, अर्ध्या उजेडात, तासन्‌तास हे करत राहायचे आणि एकही ठोका चुकू द्यायचा नाही, असे हे काम आहे. आपल्याकडे एकल तबलावादनात लेहऱ्याचे आवर्तन अखंड फिरत राहते आणि त्याच्या भरवशावर तबलजी आपले काम उभे करतो. फ्लॅशने दोन तबकड्यांमधून असेच एक अखंड आवर्तन तयार केले. फरक इतकाच की इथे फिरत राहिला तो ताल, आणि त्याच्या भरवशावर उभे राहिले नाचणारे पाय आणि पुढे शब्द.

शब्द आले ते एका अडचणीमुळे. आपले हे नवे तंत्र पहिल्यांदा लोकांपुढे करून दाखवले तेव्हा काय झाले, ते फ्लॅशने अनेक मुलाखतींत सांगितले आहे. लोक नाचायचे थांबले आणि त्याच्या हातांकडे बघत उभे राहिले. पार्टीच्या दृष्टीने हा पराभवच होता. लोकांचे लक्ष हातांवरून काढून पुन्हा नाचाकडे वळवण्यासाठी माइकवर बोलणारा कोणीतरी हवा होता, आणि ते काम चोख बजावणारा पहिला माणूस म्हणजे कीथ विगिन्स, ज्याला सगळे काउबॉय म्हणत. त्याच्यामागून मेलव्हिन आणि नॅथनियल ग्लोव्हर हे सख्खे भाऊ आले, एक मेली मेल आणि दुसरा किड क्रिओल. पुढे एडी मॉरिस म्हणजे स्कॉर्पिओ, ज्याला मिस्टर नेस असेही म्हणत, आणि शेवटी फंकी फोर या ग्रुपमधून आलेला, गाता गळा असलेला गाय विल्यम्स म्हणजे रहीम. हे ते पाच. म्हणजे मुळात हात मुख्य होते आणि हात बघत लोक थिजून राहू नयेत म्हणून आवाज आणले गेले. रेकॉर्डिंगच्या इतिहासात हा क्रम पूर्णपणे उलटा झाला.

1979 पर्यंत ही कला रेकॉर्डवर आणायची कल्पना या मंडळींच्या मनात फारशी नव्हती. 2 सप्टेंबर 1976 रोजी ऑड्युबॉन बॉलरूमसारख्या भल्यामोठ्या सभागृहात फ्लॅशचा कार्यक्रम झाला होता, पार्ट्यांच्या कॅसेट हातोहात फिरत होत्या, गाड्यांमधून आणि खांद्यावरच्या टेपरेकॉर्डरमधून वाजत होत्या. पण तीन-चार तासांच्या पार्टीतून रेकॉर्ड कशी काढणार, आणि मुळात दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्स वाजवणे हेच ज्याचे संगीत, त्याची वेगळी रेकॉर्ड ती कसली, असा तो सरळ विचार होता. सप्टेंबर 1979 मध्ये तो कोलमडला. न्यू जर्सीतल्या एंगलवुडमध्ये सिल्व्हिया आणि जो रॉबिन्सन या दांपत्याने काढलेल्या शुगर हिल रेकॉर्ड्सने 'रॅपर्स डिलाइट' बाजारात आणली. गाणारे शुगरहिल गँगचे तिघे ब्राँक्सच्या पार्ट्यांना माहीतही नव्हते. त्यांच्यातल्या हँकला सिल्व्हिया यांनी एका पिझ्झाच्या दुकानातून निवडले आणि त्याने म्हटलेल्या ओळी कोल्ड क्रश ब्रदर्स या ब्राँक्सच्या ग्रुपमधल्या ग्रँडमास्टर कॅझच्या होत्या. गाण्याखाली शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची चाल होती, तीही रेकॉर्डवरून न घेता स्टुडिओत वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेली. साडेचौदा मिनिटांची ही रेकॉर्ड जगभर खपली, आणि तिच्यात डीजे कुठेच नव्हता.

यापुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया इथे घातला गेला. रॅपची रेकॉर्ड म्हणजे वादकांनी वाजवलेला ठेका आणि त्यावर बोलणारे आवाज, हा साचा ठरून गेला. कारणे व्यवहाराची होती. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा जसाच्या तसा छापला तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा प्रश्न येतो. तीच चाल आपल्या वादकांकडून वाजवून घेतली तर फक्त रचनेच्या हक्काचा प्रश्न उरतो, आणि 'रॅपर्स डिलाइट'च्या बाबतीत तर शीकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा इशारा दिल्यावरच त्यांची नावे श्रेयात आली. शिवाय ध्वनीचा तुकडा साठवून हवा तेव्हा वाजवणारी यंत्रे अजून अशा छोट्या स्टुडिओंच्या आवाक्यात आलेली नव्हती.

फ्लॅशच्या ग्रुपची पहिली रेकॉर्ड त्याच 1979 च्या अखेरीची. 'वी रॅप मोअर मेलो' ही रेकॉर्ड तर द यंगर जनरेशन अशा भलत्याच नावाने निघाली, म्हणून ती आपण बाजूला ठेवू. खरी सुरुवात हार्लेममधले जुने रेकॉर्ड-व्यावसायिक बॉबी रॉबिन्सन यांच्या एन्जॉय लेबलवर आलेल्या 'सुपररॅपिन'ने झाली. ही 12 इंची रेकॉर्ड आत्ता आपण ऐकली. बारा मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या या रेकॉर्डवर एकही ध्रुपद नाही. खाली एक घट्ट, न बदलणारी बेस गिटारची चाल आहे, होल डार्न फॅमिली या बँडच्या 'सेव्हन मिनिट्स ऑफ फंक'वरून घेतलेली आणि स्टुडिओतल्या वादकांनी वाजवलेली. ऐकताना पाचही आवाजांकडे लक्ष द्या. एकाने वाक्य सुरू करायचे, दुसऱ्याने त्यातला एक शब्द उचलायचा, तिसऱ्याने शेवट करायचा, आणि मग पाचांनी मिळून एकच अक्षर ठोक्यावर आदळायचे. एकाचा श्वास जिथे संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. माझ्या मते, पाच माणसांनी मिळून एक वाक्य बोलण्याची ही कला या ग्रुपइतकी चोख दुसऱ्या कोणालाच साधली नाही, आणि ती पार्टीतच घडली. फ्लॅश दोन तबकड्यांमध्ये जे करत होता, तेच हे पाचजण माइकवर करत होते. तुकडे असे जोडायचे की जोड दिसू नये.

या रेकॉर्डवर फ्लॅशचे हात नाहीत. पण त्याचे नाव पाचांच्या तोंडी सारखे येते. तो किती जलद आहे, तो काय करतो, याचे वर्णन आवाजांनी केले आहे. जे ऐकवता येत नाही ते सांगून भागवायचे, अशी ही तडजोड होती, आणि पुढच्या अनेक रेकॉर्ड्सवर ती अशीच चालू राहिली.

'सुपररॅपिन'मध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत म्हणून आत्ताच खूण करून ठेवा. सगळ्या बढायांच्या आणि नाचाच्या बोलण्यात मेली मेल अचानक एका मुलाची कथा सांगतो. जगाच्या रीतींची जाण नसलेले मूल जन्माला येते, वस्तीत वाढते, आकडा घेणाऱ्यांकडे आणि गुंडांकडे बघून त्यांच्यासारखे व्हायचे स्वप्न पाहते, शाळा सोडते, चोरी करते, तुरुंगात जाते आणि कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडते. ठेका बदलत नाही, वेगही कमी होत नाही. कथा संपते आणि पुढचा आवाज पुन्हा पार्टीकडे वळतो.

1980 मध्ये ग्रुप शुगर हिलकडे गेला. तिथे जे वादक कायमचे बसलेले होते त्यांच्याविषयी आदराने बोलले पाहिजे, कारण डीजेची जागा घेतली म्हणून त्यांना खलनायक ठरवण्याची पद्धत मला मान्य नाही. गिटारवर स्किप मॅकडॉनल्ड, बेसवर डग विंबिश, ड्रमवर कीथ लब्लांक, तालवाद्यांवर एड फ्लेचर आणि संगीतसंयोजनाला जिग्ज चेस. पुढे यांतले पहिले तिघे लंडनला जाऊन टॅकहेड या नावाने स्वतःचे अत्यंत धाडसी संगीत करू लागले, यावरून त्यांचा वकूब कळेल. 'फ्रीडम' ही शुगर हिलवरची पहिली रेकॉर्ड ऐका. पार्टीत वाजणाऱ्या 'गेट अप अँड डान्स'ची चाल या वादकांनी अशी भरदार उभी केली आहे की पाचही आवाज तिच्यावर मोकळे सुटतात. त्यानंतरची 'द बर्थडे पार्टी' मला तितकी आवडत नाही, ती खेळकर आहे आणि तेवढीच आहे. 'इट्स नॅस्टी' टॉम टॉम क्लब या बँडच्या चालीवर बेतलेली आहे आणि आवाजांच्या देवाणघेवाणीसाठी ऐकण्याजोगी आहे.

आता तो अपवाद. 1981 मध्ये शुगर हिलनेच एक रेकॉर्ड काढली, तिचे नाव 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील'. सात मिनिटांची ही रेकॉर्ड एकट्या फ्लॅशच्या नावावर आहे. तिच्यात वादक नाहीत आणि नव्याने म्हटलेला रॅपही नाही. तीन टर्नटेबल, दोन मिक्सर आणि फ्लॅशचे हात, इतकेच तिचे साहित्य आहे. टेप कापून जोडलेली नाही. सगळे एका दमात वाजवले आहे, आणि मध्ये चूक झाली की पुन्हा अगदी आरंभापासून सुरुवात केली आहे. दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्सचे तुकडे जोडून रेकॉर्ड काढण्याचे प्रयोग 1956 सालापासून झालेले होते, पण ते कात्री आणि टेपचे काम होते. हाताने, त्या क्षणी, ठेक्यात राहून हे काम केलेली आणि दुकानात विकायला आलेली रेकॉर्ड त्याआधी ऐकू येत नाही.

ती आपण दोनदा ऐकली, आणि दुसऱ्यांदा मी मुद्दाम काही जागी थांबवली. पहिली जागा अगदी आरंभाची. स्पूनी जी आणि द सिक्वेन्सच्या रेकॉर्डमधले दोन-तीन शब्द तो पुन्हापुन्हा मागे ओढून सोडतो, जणू वाक्य पुरे व्हायला तयार नाही. नुसता शब्द न राहता तो आघात होतो. दुसरी जागा ब्लाँडी या बँडच्या 'रॅप्चर'ची. हे गाणे त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते आणि त्यात बँडची गायिका डेबी हॅरी फ्लॅशचे नाव घेऊन त्याची तारीफ करते. फ्लॅशने तीच ओळ उचलून, तिला हाताखाली घोळवून, थेट ठेक्यात सोडली आहे. त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय गायिकांपैकी एकीच्या तोंडून आपले नाव आपल्याच हाताने वाजवून दाखवण्यात जो आत्मविश्वास आहे, तो शब्दांत मांडता येणार नाही असा आहे. तिसरी जागा माझ्या सर्वांत आवडीची. शीकच्या 'गुड टाइम्स'ची बेस गिटार आणि क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ची बेस गिटार यांची चाल एकाच घरातली आहे. बर्नार्ड एडवर्ड्स यांनी ते साम्य पुढे बोलूनही दाखवले. फ्लॅशने ते साम्य बोलून न दाखवता दोन्ही तबकड्या एकमेकींच्या पुढे ठेवून ऐकवले आहे. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय डिस्कोचा बँड आणि इंग्लंडचा रॉक बँड यांच्यातली रेघ काही सेकंदांपुरती पुसली जाते. उत्तम टीकाकार जे काम निबंधातून करतो ते इथे सुईने झाले आहे.

मग मध्येच ठेका बाजूला होतो आणि मुलांना गोष्ट सांगण्याच्या थाटातला एक संवाद ऐकू येतो, 'अपाची'चे ड्रम येतात, शुगर हिलच्याच रेकॉर्ड्सचे तुकडे येतात, त्यांत याच ग्रुपची 'द बर्थडे पार्टी'ही येते. म्हणजे आपल्याच पाच मित्रांचे आवाज फ्लॅशने इथे तबकडीवरून वाजवले. त्या वेळी विक्रीच्या दृष्टीने ही रेकॉर्ड मोठी ठरली नाही. पण जगभर ज्या मुलांनी पुढे टर्नटेबल हे वाद्य म्हणून हातात घेतले, त्यांच्यासाठी हे सात मिनिटांचे पाठ्यपुस्तक होते. ब्राँक्सच्या पार्टीला जाणे ज्यांना शक्यच नव्हते त्यांनी तिथे काय घडत होते ते याच रेकॉर्डवरून ओळखले.

ब्राँक्सबाहेरच्या श्रोत्यांना हे हातांचे काम किती परके होते याचा पुरावा त्याच 1981 सालचा आहे. मॅनहॅटनमधल्या बाँड्स या क्लबात द क्लॅश या इंग्रजी बँडने आपल्या कार्यक्रमाआधी या ग्रुपला बोलावले. रॉक ऐकायला आलेल्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि रंगमंचावर वस्तू फेकल्या. दोन टर्नटेबल घेऊन उभा असलेला माणूस संगीत करतो आहे, हेच त्यांना पटले नाही.

आता 'द मेसेज'. ही रेकॉर्ड जुलै 1982 ची. हिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी फक्त कानाला जाणवणाऱ्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट लयीची. तोवरच्या पार्टी-रेकॉर्ड्सपेक्षा ही स्पष्टपणे संथ आहे, आणि वाद्यांमध्ये मोकळी जागा आहे. सिंथेसायझरची घसरत खाली येणारी छोटी सुरावट, कोरडा ड्रम, आणि मधली रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत शब्द ऐकूच यावे लागतात. या गाण्याची मूळ कल्पना आणि ध्रुपद एड फ्लेचर यांचे, जे ड्यूक बूटी या नावाने ओळखले जात. 1980 च्या न्यूयॉर्कमधल्या वाहतूक संपाचा उल्लेखही त्यात आहे. ग्रुपला हे गाणे नको होते. पार्टीला आलेल्या माणसाला घरच्याच अडचणी कोण ऐकवणार, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या अनुभवाच्या चौकटीत ते बरोबरच होते. सिल्व्हिया रॉबिन्सन मागे हटल्या नाहीत. अखेर मेली मेल तयार झाला, आणि रॅप करणारे आवाज दोनच राहिले, मेली मेल आणि ड्यूक बूटी.

म्हणजे ज्या रेकॉर्डमुळे ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह हे नाव इतिहासात गेले, तिच्यावर फ्लॅशचे वादन नाही आणि पाचांपैकी चौघांचा रॅपही नाही. शेवटी रस्त्यावर मित्र भेटतात, गप्पा मारतात आणि पोलीस येऊन त्यांना पकडून नेतात, असा छोटा नाट्यप्रवेश आहे, त्यात ग्रुपची मंडळी बोलतात. स्टीव्ही वंडरने 1973 मध्ये 'लिव्हिंग फॉर द सिटी'त असाच अटकेचा प्रसंग घातला होता, त्या परंपरेतला हा प्रवेश आहे. गाण्याच्या व्हिडिओत तर ड्यूक बूटीच्या ओळींवर रहीम ओठ हलवताना दिसतो. फ्लेचर स्वतः प्रसिद्धीपासून दूर राहिले आणि नंतर अध्यापनाकडे वळले.

आता मघाशी केलेली ती खूण आठवा. 'द मेसेज'चे शेवटचे कडवे, ज्यावर या गाण्याची सगळी कीर्ती उभी आहे, ते त्याच मुलाच्या कथेचे कडवे आहे. मेली मेलने तीन वर्षांपूर्वी 'सुपररॅपिन'मध्ये म्हटलेले शब्द इथे जवळजवळ तसेच्या तसे आले आहेत. दोन्ही मी लागोपाठ ऐकवले ते याचसाठी. 1979 मध्ये ते शब्द पाच आवाजांच्या धबडग्यात, वेगवान ठेक्यावर, बढायांच्या मध्ये येतात आणि निसटून जातात. 1982 मध्ये ते संथ लयीवर, शेवटी, एकट्या आवाजात येतात, आणि त्यांच्यानंतर उत्तर द्यायला कोणी नसते. शब्द बदलले नाहीत, बदलली ती त्यांची जागा. शुगर हिलच्या साच्याने या ग्रुपचे जे हिरावले ते मी सांगितले. त्याच साच्याने मेली मेलच्या शब्दांना जे दिले तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पार्टीत, फ्लॅशच्या जलद तबकड्यांवर, हे कडवे असे ऐकू येणे शक्य नव्हते.

या यशानेच ग्रुप फुटला. एकाच आवाजाला पुढे काढल्यावर बाकीच्यांचे काय, आणि विकल्या गेलेल्या रेकॉर्ड्सचे पैसे कुठे, हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहिले. 1983 मध्ये फ्लॅशने मानधनासाठी शुगर हिलवर दावा लावला. त्याच वर्षीची 'व्हाइट लाइन्स' ग्रँडमास्टर अँड मेली मेल अशा नावाने निघाली. ते नाव वाचून दुकानातल्या माणसाला वाटावे की हा फ्लॅशच, पण फ्लॅशचा तिच्याशी काहीच संबंध नव्हता. तिची बेस गिटारची चाल लिक्विड लिक्विड या बँडच्या 'कॅव्हर्न'वरून घेतली होती, त्यावरूनही वेगळा खटला झाला. रेकॉर्ड म्हणून ती विलक्षण प्रभावी आहे, हे सांगितले पाहिजे. पुढे फ्लॅश, रहीम आणि किड क्रिओल इलेक्ट्रा कंपनीकडे गेले, तर मेली मेल, स्कॉर्पिओ आणि काउबॉय शुगर हिलवर राहिले. इलेक्ट्रावरच्या रेकॉर्ड्स मी ऐकवत नाही, कारण तोवर न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या रन-डीएमसी या ग्रुपने ठेक्याला आणि आवाजाला असे नवे वळण दिले होते की हे दोन्ही अर्धे ग्रुप त्यामागून धावताना ऐकू येतात. 1988 मध्ये 'ऑन द स्ट्रेंग्थ'साठी सगळे पुन्हा एकत्र आले. पुढच्याच वर्षी काउबॉय वारला. 2002 मध्ये एंगलवुडचा शुगर हिल स्टुडिओ आगीत जळाला आणि तिथल्या टेपही गेल्या.

शेवटी एक रेकॉर्ड राहिली आहे, ती या ग्रुपच्या अधिकृत यादीत सहसा कोणी धरत नाही. 1980 च्या सुमारास बोझो मेको या छोट्या लेबलवर 'फ्लॅश इट टू द बीट' नावाची रेकॉर्ड निघाली. हे स्टुडिओतले काम नाही. पार्टीतले ध्वनिमुद्रण तबकडीवर छापले आहे, त्यामुळे आवाज घुमतो, शब्द जागोजागी बुडतात, लोकांचा गलका मध्ये येतो. फ्लॅश इथे तबकड्या सोडून हाताने वाजवायच्या ताल-यंत्रावर आहे, बोटांनी एकेक ठोका देतो आहे, आणि पाचजण त्याच्या प्रत्येक ठोक्याला ओळीने उत्तर देत आहेत. दोन वर्षांनी शुगर हिलने हीच रचना स्टुडिओत नव्याने करून काढली. ती स्वच्छ आहे, पण पहिलीतला परस्परांचा अंदाज घेत वाजवण्याचा ताण तिच्यात उरलेला नाही. आता ती पहिली रेकॉर्ड पूर्ण वाजवतो. फ्लॅशने ठोक्यांची रचना बदलली की कोणता आवाज सर्वांत आधी ती पकडतो, तिकडे कान ठेवा.